पाण्यानं लिहिणारे सर

धुळ्याच्या बसस्थानकावर मी पहिल्यांदा उतरले तेव्हा एक माणूस तिथं उलट्या पावलांनी चालत होता. तोंड फलाटाकडे, पाठ रस्त्याकडे, हातात एक छोटी वही. चार पावलं मागे जायचा, थांबायचा, फलाटावरच्या पाट्यांकडे डोळे बारीक करून बघायचा, वहीत काहीतरी टिपायचा आणि पुन्हा चार पावलं मागे. सायकलवाले त्याला वळसा घालून जात होते. एका हमालानं तर त्याला दोन्ही खांद्यांना धरून हातगाडीच्या वाटेतून बाजूला केलं, तरी त्याची नजर हलली नाही. मला चित्रकला महाविद्यालयाचा पत्ता विचारायचा होता, आणि एवढ्या गर्दीत कुठंही जायची घाई नसलेला तोच एक दिसला.

माझा प्रश्न त्यानं शांतपणे ऐकून घेतला आणि उलट मलाच विचारलं, "ती तिसरी पाटी इथून वाचता येते का तुम्हाला?"

मी म्हणाले, "शिरपूर."

"पुढं जाऊन बघा."

ट्रंक तिथंच ठेवून मी पुढं गेले. पाटीवर शिरूड लिहिलं होतं. परत आले तेव्हा तो वहीत माझ्या नावाची जणू एक रेघ मारत होता. चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसाचा अख्खा दिवस जातो आणि पाटी रंगवणारा घरी सुखानं जेवत असतो, असं तो म्हणाला, आणि मग पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस आमच्या वर्गात आला. उपयोजित कलेच्या पदविकेला अक्षरांकन शिकवणारे ते आमचे सर.

ही नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी यावलकडची. घरी केळीची शेती, आणि चित्रकला शिकायला जिल्हा ओलांडून जाणारी आमच्या गल्लीतली मी पहिलीच मुलगी. मला चित्रं येत होती, त्याहून बरी अक्षरं येत होती, आणि हे मला चांगलं माहीत होतं. शाळेचा फळा, गणपतीच्या मंडळाचा फलक, गावातल्या दूध डेअरीची पाटी, सगळीकडे माझाच हात. त्यामुळे सर आता कागद काढायला सांगतील आणि मी त्यांना थक्क करीन, अशा तयारीनं बसले होते.

सरांनी कागद काढायला सांगितलाच नाही. त्यांनी आम्हाला वर्गाबाहेर व्हरांड्यात नेलं. तिथं काळ्या कडप्प्याची लांब फरशी होती. सरांनी बादलीत एक जाड ब्रश बुडवला आणि उकिडवं बसून फरशीवर साध्या पाण्यानं 'अ' काढला. हातभर उंचीचा, ओला, चकाकणारा 'अ'. धुळ्याचं ऊन ते. बघता बघता आधी शिरोरेषा सुकली, मग काना, मग पोट, आणि अर्ध्या मिनिटात फरशी कोरडी. सरांनी आमच्याकडे पाहिलं आणि ब्रश पुढं केला. तीन महिने आम्ही असेच पाण्यानं लिहीत होतो. कोणी वही आणली तर ते ती परत दप्तरात ठेवायला लावत. अक्षर जपून ठेवायचं नसतं, पुन्हा काढायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते फार मोठं तत्त्वज्ञान वाटायचं.

सर सगळ्या विद्यार्थ्यांना अहोजाहो करत. सतरा वर्षांच्या पोरांनाही "तुम्ही", "आपण". नव्या मुलांना वाटायचं, किती आदर देतात. जुनी मुलं मग खरं सांगायची. ज्याच्या हातून एक तरी बरं अक्षर उतरलं त्यालाच सर "तू" म्हणतात, बाकी सगळे पाहुणे. माझ्या आधीच्या वर्षात असा "तू" एकालाच मिळाला होता, आणि तो मुलगा पदविका झाल्यानंतरही अधूनमधून कॉलेजात येऊन सरांकडून तेवढं ऐकून जायचा.

त्यांच्याबद्दलच्या गोष्टी गावभर होत्या. एका सहकाऱ्याच्या मुलीची लग्नपत्रिका त्यांना आली. सरांनी ती वाचली, लाल शाईनं अक्षरांमधली अंतरं दुरुस्त केली, वधूच्या नावातली वेलांटी नीट काढून दिली आणि पोस्टानं परत पाठवली. सहकारी महिनाभर बोलले नाहीत. सर मात्र लग्नाला वेळेवर हजर, मांडवात वाढायलासुद्धा उभे. त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हतं. ज्या हॉटेलच्या पाटीवरचा 'ई' त्यांना आवडत नसे तिथं ते चहा पीत नसत, आणि आम्हालाही पिऊ देत नसत. त्यामुळे कॉलेजच्या अगदी समोर चहा मिळत असताना आम्ही दोन चौक पलीकडे जायचो. त्या पलीकडच्या हॉटेलातला चहा वाईट होता, पण 'ई' खरोखर सुरेख होता.

माझ्याशी त्यांची पहिली खरी गाठ पडली ती 'ळ' वरून.

आमच्याकडे 'ळ' तोंडात नाही. केळीला आम्ही केयी म्हणतो, शाळेला शाया. जळगावचं जयगाव होतं. वर्गात मी एकदा तसं बोलून गेले आणि नाशिककडची मुलं हसली. त्या दिवसापासून मी वर्गात 'ळ' असलेले शब्दच टाळायला लागले. 'फळा' म्हणायच्या ऐवजी 'बोर्ड', 'सगळे' च्या ऐवजी 'सर्व'. सरांनी ते केव्हा हेरलं कोण जाणे. पाण्यानं मुळाक्षरं काढताना माझा 'ळ' दर वेळी दोन वाटोळे गोळे शेजारी ठेवल्यासारखा यायचा. एका दुपारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"तुम्हाला 'ळ' काढायचा नाहीये, असं दिसतं."

मी दप्तर खाली ठेवलं. मग त्यांनी मला 'ळ' म्हणायला सांगितलं. मी म्हणाले. पुन्हा म्हणायला सांगितलं. जीभ कशी मागे वळते, टाळूला कशी लागते आणि सुटते, ते लक्ष देऊन बघा म्हणाले. नंतर ते स्वतः म्हणून दाखवायला गेले आणि त्यांच्या तोंडून स्वच्छ 'य' बाहेर पडला. सर शिरपूरकडच्या खेड्यातले. घरात अहिराणी. पंचवीस वर्षं धुळ्यात शिकवूनही घाईत बोलताना त्यांचं धुळे धुये व्हायचं.

"दोन जिल्हे आपले," ते म्हणाले, "दोन्हींच्या नावात 'ळ', आणि म्हणायला कोणाला येत नाही. निदान काढता तरी यायला हवा."

मग आम्ही दोघं त्या रिकाम्या वर्गात अर्धा तास 'ळ ळ ळ' करत बसलो. शिपाई दारातून डोकावून गेला आणि त्यानं कार्यालयात जाऊन काय सांगितलं असेल ते असो. पण जीभ वळते तशीच रेघ वळवायची आहे, हे त्या दिवशी हाताला कळलं. आणि वर्गात 'फळा' म्हणायची मला पुन्हा कधी भीती वाटली नाही. कधी 'फया' म्हणाले, तरी नाही.

शेवटच्या वर्षाला एक मोठा प्रकल्प असायचा. सगळेजण साबणाची नाहीतर चहाची जाहिरात मोहीम करत. त्यात मार्क ठरलेले असत. मी सांगितलं की मी देवनागरीचा नवा टंक, म्हणजे फॉन्ट, करणार आहे. मुळाक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, आकडे, सगळा संच, आणि तो संगणकावर चालेल असा. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या छापखान्यांत नुकते संगणक येऊ लागले होते. शिशाच्या खिळ्यांच्या जागी पडद्यावरची अक्षरं आली होती, आणि मराठीत ती मोजकीच होती. विभागप्रमुख म्हणाले, नियमात असं काही बसत नाही. सर म्हणाले, नियमात हे करू नका असंही लिहिलेलं नाही. त्यावर प्रमुखांनी माझ्या वडिलांना पत्र पाठवलं, की मुलगी वर्ष धोक्यात घालते आहे.

नाना ते पत्र घेऊन बसले होते. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की अक्षरं तर आहेतच, मग आणखी नवी कशाला? मी काहीतरी मोठं उत्तर दिलं. शैली, सौंदर्य, आधुनिकता, असले शब्द त्यात होते. नानांनी मान हलवली आणि बागेत पाणी बघायला गेले. त्यांना उत्तर पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दिवाळीपर्यंत मी पहिला संच पुरा केला. आलेखाच्या कागदावर वीतभर उंचीची अक्षरं, आधी पेन्सिलीनं, मग काळ्या शाईनं, चुकलं तिथं पांढऱ्या रंगानं झाकलेलं. अक्षरं उंच, सडपातळ, जराशी पुढं झुकलेली. टोकं धारदार. 'ख' चे दोन भाग मी मुद्दाम सुटे ठेवले होते, रुबाबदार दिसायचे. 'ब' च्या पोटातली रेघ केसासारखी बारीक. वर्गातली मुलं बघतच राहिली. सरांनी सगळे कागद एकेक करून पाहिले आणि म्हणाले, "छान आहेत. उद्या शिरपूरच्या गाडीनं जाऊ."

सरांच्या गावात तेव्हा प्रौढ साक्षरतेचा वर्ग चालायचा. दुपारी, शाळेच्या ओट्यावर. कापूस वेचून आलेल्या दहा-बारा बाया, मांडीवर पाट्या. सरांनी माझ्या अक्षरांत लिहिलेला एक मोठा पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला. त्यावर मीच चार सोपी वाक्यं लिहिली होती. पुढच्या रांगेत एक साठीची बाई होती. तिला सगळे अक्का म्हणत. सहा महिन्यांत ती शिकली होती आणि वर्गात सगळ्यांत पुढं होती. सरांनी तिला वाचायला सांगितलं.

अक्का बोट हवेत फिरवत वाचू लागली. 'रवडू' म्हणाली. थांबली. पुन्हा म्हणाली, 'र... व... डू'. तिथं 'खडू' लिहिलं होतं. मग पुढं 'बाग' ची 'वाग' झाली. बाकीच्या बाया हसायला लागल्या. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि 'ख' कडे बोट केलं.

"हाई एक अक्षर शे का दोन?"

मी म्हणाले, एक. ती खाली बघून म्हणाली, "माले नही येस. मनंच डोकं जाड शे." आणि पदर सावरत मागच्या रांगेत जाऊन बसली. सहा महिने पुढं बसणारी बाई.

परतीच्या गाडीत सरांनी तो पुठ्ठा मांडीवर धरला होता. मलाच राहवलं नाही. मी म्हणाले, या बाया आत्ता कुठं शिकताहेत, माझी अक्षरं त्यांच्यासाठी नाहीतच. सरांनी विचारलं, मग कोणासाठी? मला एकदम नानांचा प्रश्न आठवला. धुळं जवळ आलं तेव्हा सर खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"अक्कांनी स्वतःला दोष दिला. तो तुमचा होता."

आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी बरंच काही सुनावलं. एवढं खोल काही गेलं नाही. त्या रात्री मी रडले वगैरे नाही. मला राग आला होता, आणि रागात मला काम चांगलं होतं. सकाळी उठून सगळे कागद बांधून कपाटावर टाकले आणि नव्यानं आलेखाचा कागद ताणून घेतला. परीक्षेला जेमतेम चार महिने होते.

या वेळी मी अक्षरांना जागा दिली. झुकलेली उभी केली, सडपातळ होती ती जरा रुंद केली. 'ख' चं शेपूट पुढच्या गोलाला जोडलं. हा काही माझा शोध नव्हता, पुस्तकांत तसा 'ख' होताच, मीच दिमाखासाठी तोडला होता. आता जोडताना तो लठ्ठ दिसायचा, सुटा ठेवला तर दोन व्हायचा. एकट्या 'ख' चे मी सत्तावीस कागद केले. दर रविवारी पाच-सहा अक्षरं घेऊन शिरपूरची गाडी पकडायची आणि त्या ओट्यावर जाऊन बसायचं. पहिल्या खेपेला अक्का मागच्याच रांगेत होती. मी जाऊन तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं, की गेल्या वेळी चूक माझी झाली होती, तुम्ही बरोबर वाचत होतात, मीच तसं लिहिलं होतं. तिला ते खरं वाटायला वेळ लागला. शिकलेल्या माणसानं चूक कबूल करायची तिला सवय नव्हती. पण मग ती अशी काही मागे लागली, की सरांपेक्षा कडक. 'ब' च्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "हाई रेघ जाड कर माय, मंग वयखता येस." म्हणजे ओळखता येतं. केली. पुढच्या रविवारी म्हणाली, आता फार जाड झाली, काळा डाग दिसतो. पुन्हा बारीक केली. सर एका कोपऱ्यात बसून असत. एक शब्द बोलत नसत.

पाचव्या का सहाव्या रविवारी अक्कानं नव्या पुठ्ठ्यावरची आठही वाक्यं न थांबता वाचली. 'खडू', 'बाग', 'केळी', सगळं. शेवटचं वाक्य संपल्यावर तिनं पुठ्ठा उलटा करून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं.

गाडीत बसताना सर म्हणाले, "जमलं तुला."

मी तिकिटाच्या गडबडीत होते. वसतिगृहात पोचून पायावर पाणी घेताना माझ्या लक्षात आलं, की त्यांनी "तुला" म्हटलं होतं.

कागदावरची अक्षरं संगणकात घालायचं काम जळगावला झालं. स्टेशनजवळ एक छापखाना होता. तिथले काका चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवत आले होते आणि पन्नाशी उलटल्यावर संगणक शिकले होते. दुपारी दोन तास यंत्र रिकामं असायचं, तेवढा वेळ त्यांनी मला दिला. माझी अक्षरं यंत्रानं चित्रासारखी उतरवून घेतली आणि आपल्या मनानं त्यांच्या कडेनं बिंदू ठेवले, एकेका वळणावर चाळीस-चाळीस. वळण खडबडीत व्हायचं. एकेक बिंदू काढून टाकत सहा-सातांवर आणलं की रेघ पुन्हा माझ्या हातासारखी वाहायची. मग प्रत्येक तुकड्याला इंग्रजी कळफलकावर जागा द्यायची. जागा दोनशेच्या आसपास आणि आमची जोडाक्षरं शेकड्यांनी. त्यामुळे अर्धा 'क' वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा, असं सगळं सुटं करून पुन्हा जुळवायचं. काका म्हणाले, हे तर खिळ्यांसारखंच झालं. त्यानंतर त्यांना माझ्यापेक्षा भराभर सुचायला लागलं.

सर संगणकाला 'पेटी' म्हणत. शनिवारी धुळ्याहून येत आणि यंत्राकडे पाठ करून खुर्चीत बसत. छापून आलेला कागद तेवढा मागच्या मागे हातात घेत. पहिला कागद त्यांनी भिंगाखाली धरला आणि म्हणाले, शिरोरेषा तुटते आहे. काका म्हणाले, कुठं तुटते? पण खरंच, दोन अक्षरं शेजारी आली की त्यांच्या मध्ये केसाएवढी पांढरी फट पडत होती. अख्ख्या ओळीवर अशा फटी. मी दोन दिवस अंतरं कमी-जास्त करून पाहिली. फट एका जागी मिटायची, दुसऱ्या जागी उघडायची. शेवटी पुढच्या शनिवारी सरांनी खुर्ची फिरवली. पहिल्यांदाच त्या पडद्याकडे तोंड करून बसले. काकांनी एक अक्षर मोठं करून दाखवलं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, कौलं शाकारताना आपण कडेला कड लावतो का? एकावर एक चढवतो. रेषा अक्षराच्या हद्दीबाहेर जरा जाऊ दे, शेजारणीच्या अंगणात. मी शिरोरेषेची दोन्ही टोकं थोडी बाहेर काढली. पुढचा कागद आला तो अखंड. सरांनी तो घडी करून खिशात घातला आणि काकांना विचारलं, की हे असं मोठं करून 'श' दाखवता येईल का. त्यांनी 'श' पाहिला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. मला तेव्हा त्यात विशेष वाटलं नाही.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. साबणाच्या मोहिमांपुढून ते भराभर पुढं सरकले आणि माझ्या टेबलापाशी थांबले. मी नमुन्याचं एक पान छापून ठेवलं होतं. त्यात अक्कानं सांगितलेली तिच्या गावच्या विहिरीची गोष्ट होती. परीक्षकांनी पान उचललं, वरपासून खालपर्यंत वाचलं, हसले आणि म्हणाले, गोष्ट छान आहे, पण अक्षरांत तुम्ही नवीन काय केलंत? कपाटावरचा पहिला संच मी बरोबर आणला होता, तो शेजारी ठेवला. ते त्यावर खूश झाले. हा का नाही दाखवलात, म्हणाले. मी म्हणाले, "कारण तो फक्त बघता येतो." त्यांना ते आवडलं नसावं. मला दुसरा वर्ग मिळाला. वाईट वाटलं, पण उत्तर बदलावंसं वाटलं नाही. पुढच्या वर्षी त्या साक्षरता वर्गाची वाचनपुस्तिका माझ्या टंकात छापली गेली, आणि नाना ती पुस्तिका बैठकीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी सर निवृत्त होऊन गावी राहायला गेले. मी जळगावात काकांच्याच छापखान्यात अक्षरांची कामं करत होते. एका उन्हाळ्यात त्यांना भेटायला गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, फार बोलत नसत, पण त्या दिवशी चहा ठेवता ठेवता त्यांनी सरांना म्हटलं, "तिला तरी दाखवा आता."

सर म्हणाले, काही नाही दाखवण्यासारखं. काकू आत गेल्या आणि पत्र्याची एक पेटी ओढत बाहेर घेऊन आल्या. मी झाकण उघडलं. आत कागदच कागद. शाईनं काढलेला देवनागरीचा एक संपूर्ण संच. असा संच मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. आम्हाला वही उघडू न देणाऱ्या माणसानं हे सगळं तीस वर्षं जपून ठेवलं होतं.

हळूहळू कळलं ते असं. तरुणपणी सरांनी हा संच मुंबईच्या एका खिळे ओतणाऱ्या कारखान्याला दाखवला होता. त्यांनी तो घेतला, साचे करायचं ठरलं. आठ दिवसांनी सर स्वतः मुंबईला गेले आणि 'श' नीट झालेला नाही म्हणून सगळे कागद परत घेऊन आले. दुरुस्त करून पाठवतो म्हणाले. पेटीत खाली नुसते 'श' होते. किती, ते मी विचारलं. काकू म्हणाल्या, मोजायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं.

"कोणाला वाचायला दिला होता का, सर?" मी विचारलं.

सरांनी एक 'श' उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "नाही. भीती वाटली."

शेकडो पाट्यांसमोर उलटं चालणारा, लग्नपत्रिका तपासून परत पाठवणारा हा माणूस. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला काय करायचं ते कळलं. पेटीत त्या संचात लिहिलेला परिच्छेदाचा एक मोठा कागद होता. तो घेऊन मी उठले. सर म्हणाले, "नको."

मी म्हणाले, "मला तरी कुठं विचारलं होतंत?"

शेजारच्या अंगणात खाटेवर एक आबा चहा घेऊन बसले होते. जन्मभर शिरपूरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधलेले, जेमतेम चौथी शिकलेले. सरांच्या या घराचा जुना शेजार. मी कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. सर कुंपणापाशी येऊन उभे राहिले. आबांनी बशी खाली ठेवली, चष्मा लावला आणि सावकाश वाचू लागले. पहिल्याच ओळीत 'शेत' होतं. आबा न अडखळता पुढं गेले. 'आकाश' आलं, गेलं. 'शेवट' आला, तोही गेला. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात कुंपणाच्या तारेवर होते.

चौथ्या ओळीत आबा थांबले. मागे गेले, पुन्हा वाचलं आणि वर पाहिलं.

"घागा म्हंजे काय शे, मास्तर?"

तिथं 'धागा' होतं. सरांचा 'ध' त्या संचातलं सगळ्यांत देखणं अक्षर, वरचा वळलेला आकडा शिरोरेषेला इतका नाजूक लागलेला की बघत राहावं. त्याच नाजूकपणानं तो 'घ' झाला होता. सरांच्या डोळ्यांत काय येतं याची मी वाट बघत होते. ते फाटकातून आत आले, आबांच्या शेजारी खाटेवर बसले आणि कागद स्वतःच्या गुडघ्यावर ओढून घेतला.

"तीस वर्षं भलत्याच अक्षरापाशी बसलो होतो मी," ते म्हणाले, आणि हसायला लागले. आवाज मोकळा होता. मग त्यांनी काकूंना हाक मारून कागद-पेन्सिल मागवली आणि आबांना विचारू लागले, की नेमकं कुठं अडखळलात, आधी काय दिसलं, आकडा दिसला की रेघ, आणि हा असा काढला तर? आणि असा?

माझी गाडी होती म्हणून मी निघाले. फाटकातून वळून पाहिलं तेव्हा आबांचा चहा बशीत गार झाला होता, आणि सर त्यांना उठू देत नव्हते.